इंजिन काम झालेली जुनी स्पोर्ट्स कार: भाव द्यायचा की तोडायचा?

जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाजारात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं, "इंजिन सीलपॅक आहे, अजून पाना लागलेला नाही." दुसरं, "इंजिन फुल करून घेतलंय, आता पाच-सहा वर्षं बघायला नको." एकाच एजंटाकडे शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांबद्दल मी ही दोन्ही वाक्यं ऐकली आहेत, आणि दोन्ही गाड्यांचा भाव त्या कारणानेच 'थोडा वर' होता.

मुंबईत पहिल्यांदाच जुनी पोर्शा बॉक्स्टर, केमन, बीएमडब्ल्यू झेड-फोर, ऑडी टीटी, निसान ३७०झेड किंवा बीएमडब्ल्यूचीच जुनी एम-थ्री घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. नीट झालेलं इंजिन काम गाडीला पडलेल्या भावातून बाजारभावापर्यंत आणतं, त्याच्या वर क्वचितच नेतं. विकणाऱ्याने केलेला खर्च बाजारभावावर वेगळा वसूल होतो असं तर जवळजवळ कधीच होत नाही. 'जवळजवळ' का, ते पाचव्या पायरीत येईल.

१. 'काम' म्हणजे नेमकं काय, ते वदवून घ्या

गॅरेजच्या भाषेत 'इंजिन काम' या शब्दांत काहीही मावतं. कुणी टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदललं तरी इंजिन काम, आणि कुणी क्रँक बाहेर काढून बेअरिंग शेल बदलले तरी इंजिन कामच. तेव्हा पहिला प्रश्न हा: हाफ इंजिन की फुल?

हाफ म्हणजे साधारण हेड उतरवून व्हॉल्व्ह, सील, हेड गॅस्केट. काही गॅरेजवाले त्यात पिस्टन-रिंगही धरतात, म्हणून नुसत्या शब्दावर जाऊ नका. फुल म्हणजे इंजिन गाडीतून खाली उतरवलं, ब्लॉक रिकामा केला, क्रँक, मेन बेअरिंग, बिग-एंड बेअरिंग, पिस्टन, रिंग, ऑइल पंप, टायमिंग चेन आणि तिचे टेन्शनर, सगळं मोजून बदललं किंवा मोजून परत बसवलं. 'मोजून' हा शब्द महत्त्वाचा. बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) किती झिजला होता, क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) किती होतं, याचा साधा कागदसुद्धा नसेल तर ते फुल काम नाही, ते नुसतं खोलून परत लावणं आहे.

२. इंजिन का उघडावं लागलं, हे विचारा आणि तारीख बघा

भाव ठरवताना मी सगळ्यात जास्त वजन या प्रश्नाला देतो. कारणं तीन तऱ्हेची असतात.

पहिलं, मालकाने स्वतःहून काळजी म्हणून केलेलं काम. काही इंजिनांची दुखणी जगजाहीर आहेत आणि शहाणे मालक बिघाड व्हायच्या आधीच ती उरकून घेतात. हे उत्तम.

दुसरं, झीज. गाडी चालली, तेल खाऊ लागली, निळा धूर आला, काम केलं. यात काही वावगं नाही, फक्त काम कुणी केलं ते बघायचं.

तिसरं, घात. बेल्ट किंवा चेन तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले, कूलंट संपल्यावरही गाडी पळवली, किंवा इंजिनात पाणी गेलं. आपल्या मुंबईत या शेवटच्या प्रकाराकडे खास लक्ष द्यावं लागतं. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल, कुर्ल्याचा एलबीएस मार्ग, ही नावं पावसाळ्यात आपल्याला पाठ होतात. स्पोर्ट्स कार आधीच जमिनीला टेकलेली, तिची हवा ओढायची वाटही बऱ्याचदा खालीच. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं की पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडल्यावर मालकाने पुन्हा पुन्हा सेल मारला असेल तर नुकसान आणखी मोठं.

म्हणून मी बिलाची तारीख आधी बघतो. जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यानचं किंवा त्यानंतर लगेचचं मोठं बिल दिसलं की सरळ विचारतो, "पाणी गेलं होतं का?" २६ जुलै २००५ किंवा २९ ऑगस्ट २०१७ यांसारख्या दिवसांच्या पुढच्या आठवड्यांतलं बिल असेल तर विचारायचीही गरज नाही, समोरच्यालाच सांगू द्या. पाणी इंजिनापर्यंत गेलं असेल तर ते गालिच्याखालच्या वायरिंगमध्ये आणि कंट्रोल युनिटमध्येही गेलेलं असू शकतं. इंजिन नवंकोरं झालं तरी दोन वर्षांनी दरवाज्याचं मॉड्यूल, सीटचं सेन्सर, एअरबॅगचा दिवा असे एकेक पाहुणे येत राहतात. अशा गाडीला इंजिन कामाचा एक रुपयाही जास्त देऊ नका.

इथे विम्याचे कागद मदतीला येतात. साध्या पॉलिसीत पूर हा धोका धरलेला असला, तरी पाण्यात सेल मारून झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. कामाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा आकडा बघा. आधी ५० टक्के आणि पुढच्या वर्षी शून्य असेल तर बहुधा मधे क्लेम झालाय. मालक "स्वतःच्या खिशातून केलं" म्हणत असेल तर त्याला हा आकडा दाखवा आणि गप्प बसा.

३. बिलांची फाईल बसून वाचा

घाईत फोटो काढून घरी वाचू नका, तिथेच बसून वाचा. खरं बिल असं ओळखा:

- गॅरेजचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर. महाराष्ट्रातला जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. नाव जुळलं पाहिजे.
- जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तारखेच्या बिलावर जीएसटी दिसला तर बिल मागाहून छापलंय. आधीच्या बिलावर व्हॅट आणि टिन नंबर असायचा.
- गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि त्या दिवशीचं किलोमीटर वाचन. किलोमीटर नसलेलं बिल अर्धं बिल.
- पार्ट नंबरसकट सुट्या भागांची यादी. "इंजिन ओव्हरहॉल, एकूण साडेसात लाख" अशी एकच ओळ म्हणजे चिठ्ठी झाली.
- लेथवाल्याचं किंवा मशीन शॉपचं वेगळं बिल: बोअर होनिंग (सिलिंडरची भिंत घासून नीट करणं), हेड फेसिंग, क्रँक पॉलिश किंवा ग्राइंडिंग, बॅलन्सिंग.
- हेड बोल्ट आणि रॉड बोल्ट नवे घेतल्याची नोंद. अनेक युरोपियन इंजिनांत हे बोल्ट ताणून घट्ट करायचे असतात, एकदा सोडले की टाकून द्यायचे. यादीत गॅस्केट सेट आहे पण बोल्ट नाहीत, तर जुनेच परत पिळलेत असं धरा.

आणखी एक बघा: बोअरचा प्रकार आणि झालेलं काम यांचा मेळ बसतो का. पोर्शाच्या जुन्या बॉक्स्टर-केमनच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत किंवा बीएमडब्ल्यू एम-थ्रीच्या एस६५ इंजिनात सिलिंडरची भिंत सिलिकॉन मिसळलेल्या अॅल्युमिनियमची असते. लोखंडी ब्लॉकसारखा बोअर मारून मोठा पिस्टन टाकला, हे त्या इंजिनात चालत नाही. त्यासाठी वेगळी प्रक्रिया किंवा स्लीव्ह (सिलिंडरमध्ये बसवायची नवी नळी) लागते, आणि ते करणारे हात मोजके. बिलात "बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन" एवढंच दिसलं तर कामाने गाडीचा भाव वाढला नाही, उतरला.

४. कामानंतर गाडी किती चालली?

नवखे लोक "परवाच करून घेतलंय" ऐकून खूश होतात. मी उलट बिचकतो. इंजिन बांधताना काही चुकलं असेल तर ते बऱ्याचदा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच वर येतं, आणि ते किलोमीटर तुमच्या खिशातून चालतात. काम होऊन दहा-पंधरा हजार किलोमीटर झालेलं, मधली तेलं वेळेवर बदललेलं इंजिन मला जास्त प्रिय. त्याची परीक्षा दुसऱ्याच्या पैशाने झालेली असते.

फाईलमध्ये कामानंतर साधारण हजार किलोमीटरच्या आतबाहेर तेल आणि फिल्टर बदलल्याचं बिल आहे का, ते शोधा. रनिंग-इन (बांधलेलं इंजिन सुरुवातीला जपून चालवणं) नीट केल्याची ती खूण.

याचं दुसरं टोकही आहे. काम दहा वर्षांपूर्वीचं आणि त्यानंतर गाडी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली. समुद्राची हवा, न चालवल्याने सुकलेले सील, टाकीत शिळं पेट्रोल. अशा कामाला आज किंमत नाही.

५. कोणत्या इंजिनाला खरंच जास्त भाव मिळतो

काही मॉडेलांत खरेदीदार घाबरतात ते एकाच दुखण्याला. ते दुखणं काढलेलं असेल तर गाडी चटकन विकली जाते आणि थोडा जास्त भावही मिळतो.

पोर्शा ९८६ बॉक्स्टर, ९९६ पिढीची साधी ९११, आणि २००८ पर्यंतच्या ९८७ व ९९७ यांच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचं (आयएमएस, म्हणजे क्रँककडून टायमिंग चेनपर्यंत फिरणं पोचवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग हा चिंतेचा विषय. ते फुटलं की टायमिंग जातं आणि इंजिनही जातं. २००५ च्या आसपासपर्यंतच्या इंजिनांत ते बेअरिंग गिअरबॉक्स उतरवून बदलता येतं. त्यानंतर मोठं बेअरिंग आलं, ते जास्त टिकाऊ, पण बदलायचं तर इंजिनाचे दोन भागच करावे लागतात. म्हणजे २००७ च्या केमनचं इंजिन पूर्ण उघडून बांधलंय आणि त्यात हे बेअरिंग व सिलिंडरवरचे ओरखडे दोन्ही निस्तरलेत, अशी कागदपत्रं असतील तर मी दोन पैसे जास्त द्यायला तयार होईन. २००९ पासून नवी इंजिनं आली आणि त्यांत हा शाफ्टच नाही. तेव्हा २०१० च्या केमनला "आयएमएसचं काम केलंय" असं कुणी सांगितलं तर हसून निघा. ९९६ टर्बो आणि जीटी-थ्रीचं इंजिनही वेगळ्या घराण्याचं, त्यांना ही भीती लागू नाही.

बीएमडब्ल्यूच्या ई-९२ एम-थ्रीत एस६५ व्ही-एट, तर ई-६० एम-फाइव्हमध्ये एस८५ व्ही-टेन. दोन्हींत रॉड बेअरिंगची झीज ठरलेली. इंजिन पूर्ण न उघडता, खालची ऑइल पॅन काढून ती बदलता येतात. निघालेल्या जुन्या बेअरिंगचे फोटो मालकाने ठेवले असतील तर उत्तम. निसान ३७०झेडमध्ये टायमिंग कव्हरमागचं ऑइल गॅलरीचं (तेलाच्या वाटेचं) गॅस्केट फुटून तेलाचा दाब पडतो. ते बदललेलं असणं ही जमेची बाजू, त्यासाठी 'फुल इंजिन' लागत नाही.

बाकी बहुतेक गाड्यांत आपल्याकडे अजून सीलपॅकलाच मान आहे. त्याला कारणही आहे: रस्त्याकडेच्या गॅरेजात गॅस्केटऐवजी सीलंट थापून बांधलेली इंजिनं लोकांनी भरपूर भोगली आहेत. तुम्ही घेतलेली गाडी पुढे तुम्हालाही विकायची आहे आणि तेव्हा समोरचा हेच विचारणार आहे, "इंजिन उघडलंय का?"

६. आरसी आणि इंजिन नंबर

काही वेळा इंजिन बांधलेलं नसतं, बदललेलं असतं. अपघातातल्या गाडीचं किंवा बाहेरून आलेल्या हाफ-कटचं, म्हणजे सुट्या भागांसाठी अर्धी कापून आणलेल्या गाडीचं. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. ब्लॉकवरचा नंबर बॅटरी टॉर्चने स्वतः वाचा, आरसीशी आणि एमपरिवहन ॲपमधल्या नोंदीशी ताडून बघा. नंबर घासलेला, रंगवलेला किंवा वेगळा असेल तर भावाची चर्चाच नको. विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं, आणि मालकी बदलताना तुम्ही ताडदेवला जा नाहीतर वडाळ्याला, फाईल अडकणार.

७. तपासणी: गाडी थंड असताना बोलवा

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या.

सोबत न्या: टॉर्च, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र), पांढरा कागद, हातमोजे, छोटा आरसा. आणि त्या मॉडेलवर काम करणारा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मेकॅनिक.

कोल्ड स्टार्टला एक-दोन सेकंदांची टकटक किंवा धुराचा एक बारीक झोत काही इंजिनांत चालतो. बॉक्सर इंजिनात सिलिंडर आडवे असल्याने थोडं तेल आत उतरतं आणि सुरुवातीला धूर दिसतो. पण धूर चालूच राहिला तर थांबा. तेलाच्या झाकणाखाली दुधी चिकट थर, कूलंटच्या टाकीत तेलाची साय, ही लक्षणं सगळ्यांना माहीत असतात. कमी लोक बघतात ते बोल्टांची डोकी. इंजिन उघडलेलं असेल तर बोल्टवर पान्याच्या खुणा असणारच, त्यात चूक नाही. पण कडा गोल झालेल्या, एकाच ओळीत तीन वेगवेगळ्या जातींचे बोल्ट, जोडातून बाहेर आलेला लाल-निळ्या सीलंटचा ओघळ, हे बांधणाऱ्याच्या हाताबद्दल सगळं सांगतं. बाहेर ओघळ आहे तेवढाच आतही असतो, आणि तो सुटून तेलाच्या वाटेत जाऊ शकतो.

मग दोन चाचण्या, मजुरी तुम्ही भरायची. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये आकडा किती यापेक्षा सगळ्या सिलिंडरचा आकडा जवळपास सारखा आहे का ते बघा, १० ते १५ टक्क्यांच्या वर फरक नको. दुसरी लीक-डाउन टेस्ट, आणि ती मला जास्त आवडते. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती गळते ते मोजायचं. दहा टक्क्यांच्या आत छान, वीसच्या वर विचार करा. या टेस्टला मेकॅनिकबरोबर उभे राहा आणि कान लावा. सायलेन्सरमधून सुसकारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या नळीतून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आला तर रिंग, आणि रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. प्लग काढलेच आहेत तर बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला. होनिंग केलेल्या लोखंडी सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या रेषांची बारीक जाळी दिसते. "दहा हजार किलोमीटरपूर्वी होनिंग केलंय" म्हणतात आणि भिंत आरशासारखी गुळगुळीत आहे किंवा उभे ओरखडे आहेत, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे आणि भिंत खोटं बोलत नाही.

पोर्शात कंट्रोल युनिटमध्ये ओव्हर-रेव्हची नोंद राहते, ती योग्य स्कॅनरवर काढून घ्या. चुकून खालचा गिअर पडून इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं असेल तर तिथे दिसतं.

चालवताना कोस्टल रोडवर पळवून समाधान मानू नका. तिथे कुठलीही गाडी छान वाटते. पाऊण तासाने सायनच्या गर्दीत शिरा, एसी लावा, तापमानाचा काटा आणि गरम इंजिनाचा तेलदाब बघा. थकलेली बेअरिंग तिथे बोलतात.

८. भावाचं गणित

आकडे फक्त समजण्यापुरते. समजा त्याच मॉडेलची, त्याच सालाची, निरोगी इंजिनाची गाडी २८ लाखांना जातेय. आवाज करणाऱ्या इंजिनाची असती तर १८ ला गेली असती. मालकाने ८ लाख घालून इंजिन बांधलं आणि तो आता ३४ मागतोय. त्याचा हिशेब '२८ अधिक ८, तुमच्यासाठी २ कमी'. पण त्याचे ८ लाख गाडीला १८ वरून २८ वर आणण्यातच कामी आले आहेत. तेच पैसे तुम्ही दुसऱ्यांदा का द्यायचे?

कारण चांगलं, फाईल पूर्ण, वर दहा हजार किलोमीटर आणि चाचण्या पास, तर मी २८ पर्यंत जाईन. पाचव्या पायरीतलं मॉडेल असेल तर २९-२९.५. फाईल चांगली पण काम अगदी ताजं, तर २७ आणि गॅरेजची लेखी वॉरंटी माझ्या नावावर. नुसता शब्द, कागद नाही, तर २४-२५, म्हणजे इंजिन पुन्हा उघडावं लागेल ही शक्यता धरूनच. पाण्यातली गाडी, तर नमस्कार.

बँक आणि विमा कंपनीही बांधलेल्या इंजिनाचे वेगळे पैसे धरत नाहीत. कर्जासाठीचं मूल्यांकन मॉडेल, साल आणि स्थिती बघून होतं. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या किमतीतून घसारा वजा करून काढतात, आणि पाच वर्षांपुढच्या गाडीला ती विमा कंपनी आणि मालकाच्या संमतीने ठरते. ३४ लाखांना घेतलेली गाडी पुढच्या पावसात वाहून गेली तर हातात येणारा आकडा आयडीव्हीचाच.

९. टोकन, ट्रान्सफर आणि नंतरचं

टोकन देताना पावतीवर लिहून घ्या: चाचणी नापास झाली तर पैसे परत. तोंडी नको.

लागणारी कागदं: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, दोघांचे आधार-पॅन. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या. स्पोर्ट्स कारची ही यादी मोठी असते. १५ वर्षं पूर्ण होत आली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर कोण भरणार, तेही सौद्यात बोला. आयात गाडीची नूतनीकरण फी साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

इंजिन कामाची मूळ बिलं गाडीच्या चाव्यांबरोबरच ताब्यात घ्या. "घरी आहेत, पाठवतो" म्हटलेली बिलं येत नाहीत. गाडी आणली की पहिल्याच आठवड्यात तेल बदला, जुना फिल्टर मेकॅनिकला कापायला सांगा आणि घड्या उलगडून उन्हात बघा. पिवळसर-चंदेरी चकाकी दिसली तर गाडी उभी करून तेलाचा नमुना लॅबला पाठवा. तांबं, शिसं, कथील यांचे आकडे चढलेले असतील तर बेअरिंग झिजतंय, आणि गॅरेजची वॉरंटी तुमच्या नावावर करून घेतली असेल तर ती वापरायची वेळ हीच.